तेराच्या पुढे न गेलेला हिशोब : मुलांना सांगितलेल्या नानकांच्या गोष्टी

लोकलमध्ये, बसमध्ये किंवा भांडी घासताना ऐकणाऱ्यांनी हा भाग ऐकला असेलच. ज्यांना वाचायलाच आवडतं त्यांच्यासाठी हे नेहमीप्रमाणे शब्दांकन. बोलताना शंभरदा आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढे काढलेत, बाकी बरंचसं तसंच आहे.

या भागाची सुरुवात शाळेच्या डायरीतल्या एका शेऱ्यापासून झाली. माझी भाची तिसरीत आहे, वय वर्षं आठ. घरी तिला आम्ही चिऊ म्हणतो. तिच्या वर्गात एक शीख मुलगा आहे, डोक्याला पटका बांधून येतो. पटका म्हणजे लहान मुलं केसांच्या बुचड्यावर बांधतात ते छोटं कापड. मधल्या सुट्टीत कुणीतरी पैज लावली, "आत बॉल आहे का बटाटा?" आणि आमच्या बाईसाहेबांनी गाठ ओढली. पटका सुटला, केस मोकळे झाले आणि तो मुलगा बाकाखाली जाऊन बसला. शाळा सुटेपर्यंत बाहेर आला नाही.

डायरीत शेरा आला. ताईने चिऊला झापलं. चिऊने सॉरी म्हटलं. आणि रात्री ताईचा मला फोन. "तू एवढा इतिहासाचा पॉडकास्ट करतोस ना, मग ये आणि तूच समजाव तिला. मला नुसतं 'असं करू नये' एवढंच सांगता येतंय. का करू नये, ते मला तरी कुठे नीट माहितीये?"

मी म्हटलं, येतो. फोन ठेवला आणि लक्षात आलं की मला तरी कुठे माहितीये!

खरं तर मला माहीत असायला हवं होतं. माझं आजोळ औंढा नागनाथजवळ. तिथून नांदेड फार लांब नाही, त्यामुळे लहानपणी हुजूर साहिबला कितीतरी वेळा गेलोय. डोक्याला रुमाल बांधायचा, पाय धुऊन आत जायचं, लंगरमध्ये बसायचं. पण डोक्यात राहिलं ते एवढंच. पुढे इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलला आमच्या मजल्यावर लुधियानाचा एक मुलगा होता. दुपारी घड्याळात बारा वाजले की त्याच्या दारावर थाप मारायची हा आमचा रोजचा कार्यक्रम. व्हॉट्सॲपवर सरदारजीचे जोक फॉरवर्ड करण्यात मी सगळ्यात पुढे. तो पण हसायचा. चार वर्षं मला वाटायचं की त्याला ते आवडतं. चिऊच्या डायरीतला शेरा वाचताना पहिल्यांदा वाटलं, तो न हसता तर काय करणार होता?

तर मी वाचायला लागलो. शोधत होतो आठ वर्षांच्या मुलीला सांगण्यासारख्या दोन-चार गोष्टी. सापडलं ते वेगळंच. 'मुलांना आपली परंपरा कशी सांगायची' हा आज पालकांच्या ग्रुपवर फिरणारा प्रश्न शीख इतिहासात पाचशे वर्षं चालू आहे, आणि काही वेळा या प्रश्नाने इतिहासालाच वळण दिलंय.

सुरुवात शाळेपासूनच करू. नानकांचा जन्म १४६९ चा, तलवंडी गावचा. ते गाव आज पाकिस्तानात आहे आणि त्याचं नाव ननकाना साहिब. परंपरेतली गोष्ट अशी, की लहानग्या नानकला पंडितजींकडे शिकायला बसवलं. पंडितजींनी पाटीवर अक्षरं लिहून दिली. मुलाने ती गिरवली आणि प्रत्येक अक्षराचा अर्थ विचारायला सुरुवात केली. गुरू ग्रंथ साहिबमध्ये आसा रागात नानकांची एक रचना आहे, तिचं नावच 'पट्टी'. पट्टी म्हणजे आपली पाटी. पस्तीस अक्षरं, आणि एकेका अक्षरावर एकेक कडवं. 'अ अननसाचा'चीच रीत, फक्त अननसाच्या जागी माणसाने कसं जगावं याचे प्रश्न. तिसरे गुरू अमरदास यांचीही एक 'पट्टी' त्याच्या लगेच पुढे येते.

आता ही रचना खरंच सात वर्षांच्या मुलाने केली असेल का? वाचल्यावर तसं वाटत नाही, त्यातली समज बरीच मोठ्या माणसाची आहे. पण मला दुसरीच गंमत वाटली. एका धर्माच्या मूळ ग्रंथात मुळाक्षरांचा तक्ता आहे! शिकवण्याचं सगळ्यात साधं साधन थेट ग्रंथात जाऊन बसलंय.

आणि ती अक्षरं पुढे महत्त्वाची ठरली. नानक १५३९ साली करतारपूरला वारले. त्यांच्यानंतरचे गुरू अंगद खडूर गावी राहायचे. गुरुमुखी लिपीला आजचं वळण देण्याचं श्रेय परंपरा त्यांना देते आणि त्याबरोबर एक चित्रही देते: गुरू अंगद गावातल्या पोरांना गोळा करून स्वतः अक्षरं शिकवतायत आणि मग त्यांच्या कुस्त्या लावतायत. संस्कृत पंडितांकडे, फारसी दरबारात. शेतकऱ्याच्या पोराला, जी भाषा तो घरी बोलतो तीच लिहायला एक लिपी मिळाली. १६०४ मध्ये पाचवे गुरू अर्जन यांनी आदि ग्रंथ तयार केला तो याच लिपीत. लिहून घेणारे होते भाई गुरदास. आणि त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, हे तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबात घुमानला भरलं होतं ते याच नात्यामुळे.

नामदेवांकडे परत येतो, कारण माझं काम तिथेच सोपं झालं.

नानकांच्या आयुष्यातल्या गोष्टींना 'साखी' म्हणतात आणि त्यांच्या संग्रहाला 'जन्मसाखी'. साखी म्हणजे साक्ष. नाव छान आहे. 'असं असं घडलं' एवढ्यावर ते थांबत नाही. 'मी याची साक्ष देतो' असा सांगणाऱ्याचा त्यात भाग आहे. या गोष्टी आधी तोंडी फिरल्या, मग लिहिल्या गेल्या, आणि लिहिणारे अनेक होते. त्यामुळे जन्मसाखी एक नाही. पुरातन परंपरेची वेगळी, बाला परंपरेची वेगळी, मिहरबानांच्या घराण्याची वेगळी, भाई मणी सिंगांच्या नावाची आणखी वेगळी. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच रेपॉझिटरीचे चार-पाच फोर्क, प्रत्येकाने स्वतःचे बदल केलेत, आणि मर्ज कुणीच केलं नाही. प्रत्येक गटाला त्या गोष्टींतून काहीतरी म्हणायचंही होतं, नुसती हौस नव्हती.

यातली एक पोथी मला फार आवडली. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, कॅटलॉगमधल्या नंबरावरून तिला बी-४० म्हणतात. साल १७३३. संगू मल नावाच्या माणसाने ती करवून घेतली, दया राम अबरोल यांनी अक्षर लिहिलं आणि आलम चंद राज या चित्रकाराने ५७ चित्रं काढली. सतरा-अठराव्या शतकातली अशी सचित्र पोथी म्हणजे एकट्याने कोपऱ्यात बसून वाचायचं पुस्तक नसणार. कुणीतरी वाचणार, बाकीचे ऐकणार, आणि चित्र दाखवलं की पुढची पोरं मागच्यांना ढकलणार. मी चित्रं मोबाईलवर झूम करून पाहिली. साधी आहेत, ठसठशीत रंग, मोकळी पार्श्वभूमी, प्रसंग लगेच कळतो. चिऊला दाखवली तर तिने विचारलं, "यात हे कोण?" म्हणजे चित्राने आपलं काम केलं.

आता मक्केची साखी. नानक मक्केला गेले आणि थकून झोपले. पाय नेमके पवित्र स्थानाच्या दिशेला. तिथला माणूस चिडला: देवाच्या घराकडे पाय करतोस? नानक म्हणाले, बाबा, जिकडे देव नाही तिकडे माझे पाय वळव. त्याने पाय धरून फिरवले, तर मक्काच त्या दिशेला फिरली.

मी ही गोष्ट वाचत होतो आणि मला माझ्या आजीचा आवाज ऐकू यायला लागला. कारण ही गोष्ट मला माहीत होती! गोरोबाकाकांनी नामदेवाला कच्चं मडकं ठरवलं, नामदेव गुरू शोधत औंढ्याला आला, तर देवळात विसोबा खेचर महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून झोपलेला. नामदेव म्हणाला, पाय काढा. विसोबा म्हणाला, म्हातारा झालोय रे, तूच उचल आणि जिथे देव नाही तिथे ठेव. नामदेव पाय उचलून जिथे ठेवतो तिथे पिंड उगवते. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा आम्ही त्याच औंढ्याच्या देवळापासून काही किलोमीटरवर बसलेलो असायचो.

औंढ्याची दुसरी गोष्टही आहेच. नामदेवाला कीर्तन करायला देवळाच्या मागे हाकलतात आणि देऊळच त्याच्याकडे तोंड फिरवतं. देऊळ फिरल्याचं नामदेवांचं पद गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहे. देवाला दूध पाजल्याचंही आहे. म्हणजे जी मराठी आजी नातवंडांना नामदेवाच्या गोष्टी सांगते, ती नकळत शिखांच्या ग्रंथातला मजकूरच सांगत असते.

कुणाची गोष्ट कुणाकडून आली असा वाद मला घालायचा नाही. पण चिऊला मी मक्केपासून सुरुवात केलीच नाही. विसोबापासून केली, कारण ती तिला माहीत होती. मग म्हटलं, "पंजाबात पण एक गोष्ट आहे, ऐक." अर्ध्यावरच ती ओरडली, "मामा, ही तर विसोबाचीच आहे!" तो मुलगा 'दुसरा कुणीतरी' राहिला नाही, त्याची सुरुवात त्या ओरडण्यात झाली.

आता मोठी उडी मारतो, थेट १८७३. पंजाब १८४९ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला होता, मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या होत्या. अमृतसरच्या मिशन शाळेतल्या चार शीख मुलांनी जाहीर केलं की आम्ही ख्रिस्ती होणार. चार शाळकरी मुलं! पण शहर हादरलं. त्यांची समजूत काढली गेली, पण मोठ्या माणसांपुढे प्रश्न उभा राहिला: आपल्याच मुलांना आपला धर्म काय ते सांगता येत नसेल तर चूक कुणाची? मुलांची नक्कीच नाही. त्याच वर्षी अमृतसरला सिंग सभा स्थापन झाली. पुढे लाहोरला १८७९ मध्ये दुसरी झाली, मग गावोगाव. सिंग सभेमागे इतर कारणंही होती, पण ठिणगी एका शाळेत पडली.

पुढे काय काय झालं त्याची सगळी यादी देत नाही. १८९२ मध्ये अमृतसरला खालसा कॉलेज निघालं. त्याच वर्षी फिरोजपूरला भाई तख्त सिंग आणि त्यांच्या पत्नी हरनाम कौर यांनी मुलींची शाळा काढली. ही मला जास्त धाडसाची वाटते, कारण त्या काळी मुलींना शाळेत आणायचं म्हणजे घराघरात जाऊन विनवण्या करायच्या. आपल्याकडे फुले दांपत्याने पुण्यात काय सोसलं ते आपण जाणतो, त्यामुळे नवरा-बायको मिळून शाळा काढतात म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

आणि मग येतात भाई वीर सिंग. १८७२ चा जन्म, म्हणजे सिंग सभा आणि ते जवळपास बरोबरीचे. त्यांच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली: पोथी महाग असते आणि ती घरातला मोठा माणूस वाचतो, पण चार पानांची पुस्तिका कुणीही खिशात घालू शकतो. १८९४ च्या सुमाराला खालसा ट्रॅक्ट सोसायटी सुरू झाली आणि 'निर्गुणियारा' नावाने स्वस्त, पातळ पुस्तिका निघायला लागल्या. सोपी पंजाबी, गुरुमुखी अक्षर, एका बैठकीत संपेल एवढा मजकूर. १८९८ मध्ये त्यांनी 'सुंदरी' लिहिली, पंजाबीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. नायिका एक तरुण मुलगी, अठराव्या शतकातल्या धामधुमीतली. घरात एकाने वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. थोडक्यात, ऑडिओ कंटेंट! १९२६ मध्ये त्यांनीच पुरातन जन्मसाखी छापून आणली.

पण इथे माझी एक तक्रार आहे. घाईने उभ्या केलेल्या शिकवणीत एक दोष येतोच: सगळं स्वच्छ, रेषा मारून वेगळं करून दिलं जातं. आम्ही हे, ते लोक ते. जन्मसाखीतला नानक मक्केलाही जातो, हरिद्वारलाही जातो आणि दोन्हीकडे लोकांना कोड्यात टाकतो. त्याचा जन्मभराचा सोबती मर्दाना मुसलमान, रबाब वाजवणारा, आणि सतत 'भूक लागली' म्हणून कुरकुरणारा. (चिऊचं सगळ्यात आवडतं पात्र कोण, हे ओळखा.) छापील पुस्तिकांमध्ये हे मोकळेपण थोडं आटलं असं मला वाटतं. अर्थात, आपलीच मुलं आपल्याला विसरतायत अशा धास्तीत लिहिणाऱ्यांना मी आज पुण्यात एसीत बसून नावं ठेवणं सोपं आहे.

आता १९६८-६९. ही दोन वर्षं मला एखाद्या सिनेमासारखी वाटतात.

१९६९ म्हणजे नानकांच्या जन्माला पाचशे वर्षं. तयारी सगळीकडे चालू. अमृतसरला गुरू नानक देव विद्यापीठ त्याच वर्षी निघालं. इंग्लंडमध्ये ग्रेव्हसेंडला शीख मिशनरी सोसायटी निघाली, तिथे वाढणाऱ्या मुलांना आई-वडिलांची भाषा येईना, म्हणून इंग्रजीत छोट्या पुस्तिका काढायला. आणि कांगड्याच्या अंद्रेटा गावात राहणाऱ्या सोभा सिंग यांनी नानकांचं ते चित्र काढलं, पांढरी दाढी, अर्धे मिटलेले डोळे, आशीर्वादाचा हात. तुमच्या डोळ्यांसमोर आत्ता जे आलं ना, तेच. ट्रकवर, दुकानात, कॅलेंडरवर, सगळीकडे. नानकांचं त्यांच्या हयातीतलं खात्रीचं असं चित्र नाही. आपण ज्याला 'नानकांचा चेहरा' म्हणतो तो बऱ्याच अंशी सोभा सिंगांचा आहे.

आणि याच्या बरोबर एक वर्ष आधी, १९६८ मध्ये, न्यूझीलंडहून येऊन पंजाबात शिकवणाऱ्या डब्ल्यू. एच. मॅक्लिऑड यांचं पुस्तक आलं होतं, 'गुरू नानक अँड द सिख रिलिजन'. त्यांनी एकेक साखी घेतली आणि पाच रकान्यांत टाकली: सिद्ध, संभाव्य, शक्य, असंभाव्य, अशक्य. अगदी टेस्ट केससारखं. फिरणारी मक्का अर्थातच टिकली नाही. शेवटी नानकांच्या आयुष्याबद्दल खात्रीने सांगता येईल असं जे उरलं ते मोजक्या परिच्छेदांत मावणारं. जन्म, सुलतानपूरची नोकरी, प्रवास, करतारपूर.

किती राग आला असेल विचार करा. पाचशेव्या वाढदिवसाच्या तोंडावर कुणीतरी सांगतंय की तुमच्या आजीने सांगितलेलं बहुतेक सगळं घडलेलंच नाही. मॅक्लिऑड आयुष्यभर शिव्या खात राहिले. पण त्यांच्यावर रागावणारे बरेच जण एक गोष्ट सांगत नाहीत: १९८० मध्ये त्याच बी-४० पोथीचा इंग्रजी अनुवाद मॅक्लिऑड यांनीच केला आणि तो छापला अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने. ज्या गोष्टी त्यांनी 'अशक्य'मध्ये टाकल्या होत्या त्याच त्यांनी ओळ न ओळ जपून दुसऱ्या भाषेत नेल्या. कारण साखी नानकांबद्दल किती सांगते हा एक प्रश्न आहे, आणि ती सांगणाऱ्यांबद्दल, त्यांना काय महत्त्वाचं वाटत होतं त्याबद्दल काय सांगते, हा दुसरा.

हे मी चिऊला कसं सांगितलं? तिने विचारलंच होतं, "मामा, खरंच मक्का फिरली?" मुलं हे विचारतातच. इथे आपण दोनपैकी एक करतो. एकतर 'हो, फिरली' म्हणून टाकतो, किंवा बीटेक झाल्याच्या जोशात 'छे, असं कधी होतं का' म्हणून गोष्ट मारून टाकतो. मी दुसऱ्या प्रकारचा मामा आहे. पण यावेळी थांबलो आणि विचारलं, "तुला काय वाटतं, गोष्ट सांगणाऱ्याला काय सांगायचं असेल?" ती म्हणाली, "की देव सगळीकडे आहे, मग पाय कुठे ठेवायचे?" आणि मग स्वतःच, "म्हणजे कुठेच ठेवता येणार नाहीत ना!" हे मॅक्लिऑडना सुचलं नसतं.

मग म्हटलं, मक्का फिरली की नाही माहीत नाही, पण करतारपूरला नानक शेती करायचे आणि सगळ्यांना एका ओळीत बसवून जेवायला घालायचे, ते खरं. आपण नांदेडला जेवलो ना, ते तिथूनच आलं.

टीव्ही-मोबाईलच्या काळाबद्दल थोडक्यात. अमर चित्र कथा १९६७ मध्ये सुरू झाली, मुंबईतून, अनंत पैंनी केली, आणि सत्तरच्या दशकात नानकांवरचा अंक आला. माझ्या पिढीतल्या बिगरशीख मुलांना नानक माहीत असतील तर बहुतेक तिथूनच. २०१४ मध्ये 'चार साहिबजादे' हा ॲनिमेशनपट आला. मी बारावीत होतो, सिनेमा म्हणून पाहिला आणि विसरलो. आता पुन्हा पाहिला तेव्हा लक्षात आलं की त्यात गुरू गोविंद सिंग हलत-बोलत नाहीत, त्यांची स्थिर चित्रं दाखवलीत आणि गोष्ट निवेदकाच्या आवाजात पुढे जाते. गुरूंची भूमिका कुणी करायची नाही हा शीख संकेत पाळून लहान मुलांचा सिनेमा कसा करायचा, याचं ते उत्तर होतं. अडचणीतून निघालेलं आणि चांगलं निघालेलं. अमेरिकेत २०२० मध्ये सिमरन जीत सिंग यांचं 'फौजा सिंग कीप्स गोइंग' आलं. शंभरी ओलांडून मॅरेथॉन पळणाऱ्या पगडीवाल्या आजोबांचं चित्रपुस्तक. त्यात युद्ध नाही, हौतात्म्य नाही, नुसते पळणारे आजोबा. पगडी घातलेला माणूस म्हणजे एकतर योद्धा नाहीतर जोक, या दोन्हींच्या मधलं काहीतरी आठ वर्षांच्या मुलीला दाखवायला मला दुसरं इतकं चांगलं सापडलं नाही.

सगळ्यात अवघड भाग साहिबजाद्यांचा. गुरू गोविंद सिंगांची धाकटी दोन मुलं, जोरावर सिंग नऊ वर्षांचे, फतेह सिंग त्याहून लहान. सरहिंदला डिसेंबर १७०४ मध्ये (काहीजण १७०५ मानतात) त्यांना भिंतीत चिणलं. २०२२ पासून २६ डिसेंबर 'वीर बाल दिवस' म्हणून पाळतात. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीला ते नाव पटलेलं नाही, कारण परंपरेत या मुलांना 'बाबा' म्हणतात, बालक म्हणत नाहीत. चिऊच्याच वयाच्या मुलांची ही गोष्ट चिऊला सांगायची की नाही? मी ठरवू शकलो नाही.

म्हणून त्या मुलाच्या आईला विचारलं.

ताई, चिऊ आणि मी एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. आधी फोन करून, परवानगी घेऊन. मी दारातच हिंदी सुरू केलं, "नमस्ते जी, हम लोग..." आणि त्या म्हणाल्या, "अहो या की आत, बाहेर का थांबलाव?" नांदेडच्या! माहेर-सासर दोन्ही. कित्येक पिढ्या तिथल्याच. माझ्यापेक्षा अस्सल मराठवाडी. मंडळी, मी सात-आठ वर्षं स्वतःला उघड्या डोळ्यांचा माणूस समजत होतो, तो समज त्या उंबऱ्यावरच राहिला.

त्या म्हणाल्या, "गाठ सुटल्याचं एवढं नाही हो. सगळ्यांसमोर केस मोकळे झाले, त्याचं त्याला लागलं. सकाळी मी आणि तो रोज दहा मिनिटं बसतो, केस विंचरायचे, पटका बांधायचा. तेवढा वेळ फक्त आमच्या दोघांचा असतो." १६९९, आनंदपूर, खालसा, पाच ककार, हे सगळं मी चिऊला आधीच सांगून झालं होतं. त्यातलं काही तिला आठवलं असेल असं वाटत नाही. ही दहा मिनिटं मात्र तिला कळली. तिच्याही वेण्या ताईच घालते.

साहिबजाद्यांचं विचारलं तर म्हणाल्या, "मी दुधापासून सुरू करते." कैदेत थंडीत बसलेल्या मुलांना आणि त्यांच्या आजीला मोतीराम मेहरा नावाचा माणूस लपून दूध द्यायचा. मालेरकोटल्याचा नवाब शेर मुहम्मद खान भर दरबारात म्हणाला, मुलांना मारू नका. "भिंत शेवटी येते. तोपर्यंत पोराला कळलेलं असतं की दूध देणारे पण होते." मला वाटतं, माझ्या तीन आठवड्यांच्या वाचनात याहून चांगली पद्धत मला दिसली नव्हती.

तोपर्यंत मुलं आतल्या खोलीत गेली होती. चिऊ त्याला मोदीखान्याची गोष्ट सांगत होती, मी सांगितलेलीच. नानक सुलतानपूरच्या कोठारात धान्य मोजतायत, अकरा, बारा, तेरा, आणि 'तेरा' म्हटल्यावर 'तुझं' या अर्थानं तिथेच अडकतात, तेरा, तेरा, तेरा, सगळं तुझंच. मराठीत पण तेरा म्हणजे तेराच, त्यामुळे तिला ती फार आवडलेली. त्याने अगदी गंभीरपणे सांगितलं की पंजाबीत आकडा म्हणताना शेवटी नाकातून म्हणायचं असतं. मग दोघं दहा मिनिटं नाकातून तेरा म्हणत होते.

त्याच्याकडे गुरुमुखीच्या रविवारच्या वर्गाची वही होती. ऊड़ा, ऐड़ा, ईड़ी, सस्सा, हाहा. तीच पस्तीस अक्षरं. तो तिला एकेक अक्षर ओळखायला सांगत होता. 'ट' तिने लगेच ओळखला, 'ठ' पण, कारण ते आपल्यासारखेच दिसतात. मग त्याने पुढच्या अक्षरावर बोट ठेवलं.

"म," चिऊ एकदम खात्रीने म्हणाली.

"येडे, तो स आहे," तो म्हणाला, आणि एवढा हसला की त्याची आई काय झालं ते बघायला आत गेली.